स्पॅनिशची वाट मराठीतून जाते

परदेशी भाषा शिकताना येणाऱ्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन आम्ही वाचकांना केले होते. आलेल्या पत्रांत स्पॅनिशविषयीची पत्रे बरीच होती आणि त्यांपैकी बहुतेक विदर्भातील तालुक्याच्या गावांतून आली होती. त्यांतली पाच पत्रे येथे उत्तरांसह देत आहे. पहिल्या पत्रातला प्रश्न अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला असल्यामुळे त्याचे उत्तर सर्वांत सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. यंदा आमच्या महाविद्यालयात वैकल्पिक विषय म्हणून स्पॅनिश सुरू झाले आहे. आठवड्यातून दोन तास असतात, शिक्षिका पडद्यावरून शिकवतात आणि सगळे स्पष्टीकरण इंग्रजीतून होते. आधी इंग्रजी वाक्य समजून घ्यायचे आणि मग स्पॅनिश, असे करेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. एक वर्ष इंग्रजी पक्के करावे आणि मग स्पॅनिश घ्यावे, असे माझा भाऊ म्हणतो. काय करावे? – एक विद्यार्थिनी, दारव्हा

उत्तर : स्पॅनिश सोडू नका आणि इंग्रजी सुधारण्याची वाट पाहत थांबूही नका. भावाचा सल्ला काळजीपोटी दिलेला आहे हे मला समजते, परंतु इंग्रजी आल्याशिवाय स्पॅनिश येत नाही ही समजूत खरी नाही. स्पॅनिशच्या काही महत्त्वाच्या रचना मराठीच्या इतक्या जवळ आहेत की त्यांच्याकडे इंग्रजीतून जाणे म्हणजे शेजारच्या घरी जायला गावाला वळसा घालण्यासारखे आहे.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. मीही तालुक्याच्या गावात मराठी शाळेत शिकले आणि स्पॅनिशच्या पहिल्या वर्षी प्रत्येक वाक्य मनातल्या मनात इंग्रजीतून नेत असे. ‘मला संत्रे आवडते’ हे मी ‘यो गुस्तो ला नारांखा’ असे लिहिले, म्हणजे ‘मी’ हा कर्ता धरून, इंग्रजीच्या वळणाने. वाक्य चूक होते. हेच वाक्य तुमच्या घरी कसे म्हणतात, असे आमच्या शिक्षिकांनी विचारले आणि मी मराठीत ते मोठ्याने म्हटले तेव्हा उत्तर माझे मलाच सापडले. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता ला नारांखा’ असे म्हणतात. ‘मे’ म्हणजे ‘मला’, आणि क्रियापद चालते ते संत्र्याप्रमाणे. संत्री अनेक झाली की मराठीत ‘आवडते’चे ‘आवडतात’ होते, तसेच स्पॅनिशमध्ये ‘गुस्ता’चे ‘गुस्तान’ होते : ‘मे गुस्तान लास नारांखास’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला या एका रचनेवर पुष्कळ वेळ घालवावा लागतो. तुम्ही ती बोलायला लागल्यापासून वापरत आहात, आणि घरी ‘मले आवडते’ म्हणत असाल तरी रचना तीच राहते. जाता जाता सांगते, ‘नारांखा’ हा शब्द संस्कृत ‘नारंग’पासून फारसी आणि अरबी मार्गाने स्पेनमध्ये पोहोचला आहे. आपल्या ‘नारिंगी’चा तो दूरचा नातेवाईक आहे.

आणखी उदाहरणे देते, कारण वर्गात ती इंग्रजीतून समजावली जात असतील तर तुम्हाला उगाच कठीण वाटत असतील. ‘मी घर पाहते’ असे आपण म्हणतो, पण माणूस आला की ‘मी बाईंना पाहते’ असे म्हणतो, म्हणजे माणसाला प्रत्यय लागतो आणि वस्तूला बहुधा लागत नाही. स्पॅनिशमध्येही ‘बेओ ला कासा’ म्हणजे घर पाहते, आणि ‘बेओ आ ला माएस्त्रा’ म्हणजे बाईंना पाहते. माणसापुढे आलेला तो छोटासा ‘आ’ आपल्या ‘ला’ आणि ‘ना’ या प्रत्ययांचे काम करतो. इंग्रजीत असे काही नसल्यामुळे पुस्तकात त्यासाठी स्वतंत्र धडा असतो.

भूतकाळाचे तसेच आहे. ‘आजोबांसोबत मी बाजारात जायची’ आणि ‘काल मी बाजारात गेले’ या दोन वाक्यांतला फरक तुम्हाला कोणी शिकवलेला नाही. पहिल्यासाठी स्पॅनिशमध्ये ‘इबा’ आणि दुसऱ्यासाठी ‘फुइ’. पुस्तकात या दोन काळांसाठी लांबलचक नियम दिलेले असतात. त्याऐवजी मराठीत ‘जायची’ म्हणाल की ‘गेले’ म्हणाल, हे स्वतःला विचारा, बहुतेक वेळा उत्तर बरोबर येईल. पुढच्या वर्षी ज्याची सगळ्यांना धास्ती असते तो इच्छार्थाचा भाग येईल, तेव्हा ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ यातला ‘यावेस’ आठवा. ‘किएरो के बेंगास’ यातला ‘बेंगास’ तोच आहे.

उच्चारांतही मराठीचा लाभ होतो. स्पॅनिशमधला ‘त’ आणि ‘द’ दातांना जीभ लावून येतो, टाळूला लावून नव्हे. म्हणून ‘तोमाते’ हे ‘टोमॅटे’ नाही. इंग्रजी अक्षरे दिसली की आपल्याकडची मुले सवयीने ‘ट’ आणि ‘ड’ म्हणतात. एवढ्यासाठी पहिले चार आठवडे नवे शब्द वहीत देवनागरीतही लिहा, असे मी सांगते. काही शिक्षकांना ते पटत नाही. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण ‘नारांखा’तला ‘ख’ घशात घासून येतो आणि तो आपल्या ‘ख’ने पुरता दाखवता येत नाही. म्हणून चार आठवड्यांनंतर देवनागरी बंद करावी आणि कानावर विसंबावे.

मराठी कुठे मदत करत नाही, हेही सांगायला हवे. आपल्या ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदे आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. ‘मी दारव्ह्याची आहे’ यासाठी ‘सोय’ आणि ‘मी दारव्ह्यात आहे’ यासाठी ‘एस्तोय’. हा फरक संत्र्याच्या बागेत लवकर कळतो. ‘ला नारांखा एस्ता बेर्दे’ म्हणजे संत्रे अजून कच्चे आहे, आणि ‘एस्ता’च्या जागी ‘एस’ घातले तर संत्र्याचा रंगच हिरवा आहे असा अर्थ होतो. लिंगेही जुळत नाहीत. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा ‘मानो’ स्त्रीलिंगी. आपल्याकडे लिंगे तीन आहेत, त्यांच्याकडे नामांची दोनच. यावर उपाय एकच आहे. नाम कधीही एकटे पाठ करू नये, ‘ला मानो’, ‘एल आल्गोदोन’ असे पुढच्या उपपदासह पाठ करावे. ‘आल्गोदोन’ म्हणजे कापूस. यवतमाळ जिल्ह्यातल्या विद्यार्थिनीने हा शब्द पहिल्याच आठवड्यात शिकावा, असे मला मनापासून वाटते, कारण ज्याच्याबद्दल रोज बोलावेसे वाटते त्याचे शब्द विसरले जात नाहीत.

शिक्षिकांना एक विनंती अवश्य करा : प्रत्येक तासाला दोनच वाक्यांचे मराठी रूप विचारून घेण्याची परवानगी द्यावी. त्यांना मराठी येत असेल तर त्या आनंदाने देतील, असा मला विश्वास आहे.

प्रश्न : गेले वर्षभर मी मोबाइलवर स्पॅनिश चित्रपट आणि मालिका पाहत आहे. इंग्रजी उपशीर्षके असली की गोष्ट समजते, पण ती काढली की एक शब्द कळत नाही. कोणते चित्रपट पाहावेत याची यादी द्यावी. – एक विद्यार्थी, वरूड

उत्तर : यादी देत नाही, कारण अडचण चित्रपटांच्या निवडीत नसून पाहण्याच्या पद्धतीत आहे. खाली इंग्रजी दिसत असले की डोळे वाचत राहतात आणि कानांना कामच उरत नाही. वर्षभरात तुमच्या इंग्रजी वाचनाचा वेग नक्कीच वाढला असेल, परंतु स्पॅनिश ऐकणे अजून सुरूच झालेले नाही.

त्यापेक्षा असे करा. ज्याची गोष्ट तुम्हाला हिंदीतून किंवा मराठीतून पाठ आहे असा लहान मुलांचा एखादा ॲनिमेशनपट स्पॅनिश आवाजात घ्या. त्यातले फक्त तीन मिनिटांचे एक दृश्य निवडा. पहिल्या दिवशी ते काहीही न वाचता ऐका. दुसऱ्या दिवशी स्पॅनिश उपशीर्षकांसह पाहा आणि कळलेले शब्द वहीत लिहा. तिसऱ्या दिवशी पात्राच्या मागोमाग त्याच वेगाने, त्याच चढउतारांसह मोठ्याने बोला. शेतात किंवा गोठ्यात बोललात तर कोणी अडवणार नाही. एक आठवडा एकच दृश्य. यात एक खाचखळगा आहे. भाषांतरित चित्रपटांत बोललेले स्पॅनिश आणि खाली लिहिलेले स्पॅनिश अनेकदा वेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे केलेले असते, त्यामुळे शब्द जुळत नाहीत. तसे आढळले तर तुमचे कान चुकत आहेत असे समजू नका, मूळ स्पॅनिशमध्ये तयार झालेले दृश्य घ्या.

शब्द का कळत नाहीत, त्याचे कारण आपल्या शाळेच्या व्याकरणात सापडते, आणि ते म्हणजे संधी. विद्या आणि आलय मिळून ‘विद्यालय’ होते, तसे स्पॅनिश बोलताना शब्दाच्या शेवटचा स्वर आणि पुढच्या शब्दाचा पहिला स्वर एकमेकांत मिसळतात. ‘बा आ आब्लार’, म्हणजे ‘तो बोलणार आहे’, हे तीन शब्द तोंडातून ‘बाब्लार’ असे बाहेर पडतात. पुस्तकात तीन शब्द शिकलेला विद्यार्थी कानाने तीन शब्द शोधत राहतो आणि ते कधीच सापडत नाहीत. त्यातच स्पॅनिश ही जगातल्या वेगाने बोलल्या जाणाऱ्या भाषांपैकी एक आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक भाषांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात तिचा वेग सेकंदाला सात ते आठ अक्षरे असा आढळला होता. म्हणून त्या तीन मिनिटांत दर वेळी पाच संधी शोधा आणि त्या फोडून लिहा. महिनाभरात फरक जाणवेल.

प्रदेशाचाही विचार करा. स्पेनच्या मोठ्या भागात काही शब्दांत ‘स’च्या जागी जीभ दातांत धरून केलेला ‘थ’सारखा आवाज येतो, अमेरिका खंडातल्या देशांत तो नाही. चिली आणि कॅरिबियन बेटांवर शब्दाच्या शेवटचा ‘स’ बहुधा विरून जातो. पहिल्या वर्षी मेक्सिको सिटी किंवा बोगोता इथली बोली ऐकावी, तिथे व्यंजने तुलनेने स्पष्ट ऐकू येतात. गावात रेंज नसेल तर दृश्याचा फक्त आवाज महाविद्यालयाच्या वायफायवर उतरवून घ्यावा.

प्रश्न : मी एका ग्रामीण महाविद्यालयात इंग्रजीचा प्राध्यापक आहे आणि स्वतः स्पॅनिशची प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण झालो आहे. आम्ही आठ विद्यार्थ्यांचा संभाषण गट सुरू केला. ओळख सांगून झाली की सगळे गप्प बसतात. मातृभाषक कोणीही नसताना अशा गटाचा उपयोग होतो का? – एक प्राध्यापक, आरमोरी

उत्तर : होतो, आणि आपण हा गट बंद करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. स्पॅनिशभाषक समाजात ठरलेल्या वेळी जमून गप्पा मारण्याची जुनी रीत आहे, तिला ‘तेर्तुलिया’ म्हणतात. पारावर बसणाऱ्या आपल्या माणसांना ती कल्पना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पारावर मात्र कोणी ‘आता बोला’ असे म्हणत नाही, बोलण्याला काहीतरी निमित्त असते. आपल्या गटात त्या निमित्ताचीच उणीव आहे.

म्हणून विषय देऊ नका, काम द्या. एका विद्यार्थ्याच्या हातात आरमोरीहून सुटणाऱ्या एसटी गाड्यांचे वेळापत्रक द्या आणि दुसऱ्याला गडचिरोलीला दहाच्या आत पोहोचायचे आहे असे सांगा. त्याला ‘आ के ओरा साले एल आउतोबुस?’, म्हणजे ‘बस किती वाजता सुटते?’, हे विचारावेच लागेल, आणि उत्तर समोरच्याजवळच असल्यामुळे ऐकावेही लागेल. आठवडी बाजार भरवा, भाजीच्या किमती एकाकडे आणि पिशवीतले पैसे दुसऱ्याकडे. ‘क्वांतो क्वेस्ता?’ हा प्रश्न वीस वेळा विचारला गेला की तो पुन्हा पाठ करावा लागत नाही. बाजारात आपले विद्यार्थी चकित होतील अशी एक गोष्ट त्यांना दाखवा. साबण, पगार, पाव, बादली हे आपले रोजचे शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण आहे. त्यामुळे स्पॅनिशमध्ये साबण म्हणजे ‘खाबोन’, ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, पाव म्हणजे ‘पान’, आणि बादलीला बऱ्याच ठिकाणी ‘बाल्दे’ म्हणतात.

दुसरा प्रकार मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येकाने एक छोटी गोष्ट तयार करावी, उदाहरणार्थ धान रोवणीचा एक दिवस. ती पहिल्या जोडीदाराला चार मिनिटांत सांगावी, मग जोडीदार बदलून तीच गोष्ट तीन मिनिटांत, आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. गोष्ट तीच असल्यामुळे काय बोलावे याचा शोध संपतो आणि जीभ मोकळी होते. ऐकणारा दर वेळी नवा असल्यामुळे पुनरावृत्तीचा कंटाळाही येत नाही.

चुका बोलण्याच्या मध्ये सुधारू नयेत. आपण मागे बसून टिपाव्यात आणि शेवटच्या दहा मिनिटांत फळ्यावर फक्त दोन चुका घ्याव्यात, कोणाच्या हे न सांगता. त्या दहा मिनिटांत मराठी पूर्ण मोकळी ठेवावी, कारण आपल्याला नेमके काय म्हणायचे होते हे विद्यार्थ्याला मराठीतच सांगता येते. मातृभाषक नसल्यामुळे एकमेकांच्या चुका अंगवळणी पडतील ही भीती मी नाकारत नाही, म्हणून गटाच्या आधी प्रत्येकाने त्या आठवड्याचा एक ध्वनिमुद्रित संवाद ऐकून यावे. अडकल्यावर गप्प न बसता बोलणे चालू ठेवणारी तीन वाक्ये भिंतीवर लावावीत : ‘मास देस्पासिओ, पोर फाबोर’, म्हणजे जरा हळू बोला, ‘नो एंतिएंदो’, म्हणजे समजले नाही, आणि ‘कोमो से दिसे...?’, म्हणजे याला काय म्हणतात?

पुढे मातृभाषकांशी ऑनलाइन बोलायचे असेल तर घड्याळ आपल्या बाजूने आहे. मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे, म्हणजे तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात झालेले असतात. असे बोलणे महाविद्यालयात, गटाने आणि आपल्या उपस्थितीतच व्हावे, आणि विद्यार्थ्यांनी आपला खासगी क्रमांक कोणालाही देऊ नये.

प्रश्न : माझी मुलगी पदवीसोबत स्पॅनिश शिकते आहे. आम्ही कोरडवाहू शेतकरी आहोत. यातून पुढे काही होईल का? तीस दिवसांत भाषा शिकवणाऱ्या एका खासगी वर्गाची फी भरायची म्हणते, भरावी का? – एक पालक, हिंगणघाट तालुका

उत्तर : दादा, ती फी भरू नका. इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिशमध्ये कामापुरते प्रावीण्य यावे म्हणून अमेरिकेचे परराष्ट्र खाते सहाशे ते साडेसातशे तासांचे वर्ग गृहीत धरते, आणि ते अधिकारी पूर्ण वेळ तेवढेच करतात. तीस दिवसांत नमस्कार आणि बाजारातली बोलणी येतात, त्याहून अधिक नाही.

पुढे काय, याचे उत्तर पातळीवर अवलंबून आहे. युरोपीय चौकटीत भाषेच्या सहा पातळ्या मानल्या आहेत, ए-१पासून सी-२पर्यंत. अनुवाद, ग्राहक-सेवा किंवा अध्यापन यांसाठी निदान चौथी पातळी, म्हणजे बी-२, गाठावी लागते, आणि महाविद्यालयातला एक-दोन सत्रांचा अभ्यास बहुधा पहिल्या पातळीपर्यंतच नेतो. मुलीला गोडी लागली असेल तर पदवीनंतरचे मार्ग खर्चाच्या मानाने पाहावेत. इग्नूचा स्पॅनिश भाषा आणि संस्कृतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम घरी राहून करता येतो. वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आपल्या जिल्ह्यातच आहे, तिथे परदेशी भाषांचे कोणते वर्ग यंदा चालू आहेत ते प्रत्यक्ष जाऊन विचारावे. पूर्ण पदवी घ्यायची असेल तर हैदराबादचे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ आणि दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ ही सरकारी विद्यापीठे आहेत.

प्रमाणपत्रांचेही सांगते. स्पेन सरकारने १९९१ साली स्थापन केलेली इन्स्तितुतो सर्वांतेस ही संस्था ‘डेले’ परीक्षा घेते, तिचे दिल्लीतले केंद्र २००९ साली सुरू झाले. डेलेच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. ‘सिएले’ ही संगणकावर होणारी परीक्षा आहे आणि तिचा निकाल पाच वर्षे ग्राह्य धरला जातो. पहिल्या पातळीची परीक्षा देण्याची घाई करू नका, नोकरीत तिला फारसे वजन नाही. तो पैसा पुढच्या पातळीसाठी राखून ठेवावा. मुलीने रोज अर्धा तास मोठ्याने वाचावे आणि ते घरच्यांनी ऐकावे, समजले नाही तरी ऐकावे. याला पैसा लागत नाही, आणि तिला याची गरज आहे.

प्रश्न : आमच्या गटात ऑनलाइन बोलायला येणाऱ्या कोलंबियाच्या एक बाई आईच्या वयाच्या आहेत. त्यांना ‘तू’ म्हणावे की ‘उस्तेद’? – एक विद्यार्थिनी, काटोल

उत्तर : ‘उस्तेद’ म्हणावे. हा शब्द ‘व्वेस्त्रा मेर्सेद’ या जुन्या आदरार्थी संबोधनातून झिजून तयार झाला आहे, म्हणून त्याच्यापुढचे क्रियापद तृतीय पुरुषी येते. ‘बाईंनी बसावे’ असे समोर उभ्या असलेल्या बाईंनाच आपण म्हणतो, तसेच हे आहे. कोलंबियाच्या डोंगराळ भागात, बोगोतामध्येही, जवळच्या मित्रांना आणि कधी कधी घरच्या माणसांनासुद्धा ‘उस्तेद’ म्हणतात, त्यामुळे त्यांना ते परके वाटणार नाही. पुढे त्यांनीच ‘तू’ म्हणायला सांगितले तर संकोच न करता म्हणावे, आईला आपण ‘तू’च म्हणतो.